पिलर ड्रिल घेताना वॉट नंतर बघा, क्विल आधी

प्रश्न: घराच्या मागच्या खोलीत माझं हौसेचं सुतारकाम चालतं. स्टुलं, लहान कपाटं, मुलांच्या लाकडी गाड्या. आजवर सगळी भोकं हातातल्या ड्रिलनं पाडली, पण स्टुलाच्या तिरक्या पायांची आणि ३५ मिमीच्या कप बिजागरीची (कपाटाच्या दारात वाटीसारखी रुतून बसणारी बिजागरी) भोकं कधीच मनासारखी येत नाहीत. आता पिलर ड्रिल, म्हणजे खांबावर बसवलेलं उभं ड्रिल, घ्यायचं आहे. चार पर्याय आहेत. पहिलं बाकावर ठेवायचं, ३५० वॉट, पाच वेग (५८० ते २६५० आरपीएम), स्ट्रोक (बिट खाली उतरण्याचं अंतर) ५० मिमी, थ्रोट (खांबापासून बिटच्या मध्यापर्यंतचं अंतर) १०४ मिमी, चक (बिट पकडणारा जबडा) ते टेबल जास्तीत जास्त २०० मिमी. दुसरंही बाकावरचंच पण थोराड: ५५० वॉट, बारा वेग (२२० ते २४५०), स्ट्रोक ८० मिमी, थ्रोट १६० मिमी, १६ मिमीचा चक, चक ते टेबल ३५० मिमी. तिसरं ७५० वॉटचं, नॉब फिरवून वेग बदलणारं (४०० ते २३००), लेझर आणि डिजिटल खोली दाखवणारं. चौथं एका बंद झालेल्या वर्कशॉपमधलं जुनं, जमिनीवर उभं राहणारं, थ्री-फेज मोटरचं. वॉट बघून मन तिसऱ्याकडे ओढलं जातंय. शिवाय हातातल्या ड्रिललाच स्टँड लावून भागेल का, हाही प्रश्न आहे.

उत्तर: दुसरं घ्या. मात्र त्याची क्विल, म्हणजे चकसकट वर-खाली सरकणारी नळी, हातानं हलवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. वॉटचा आकडा तुमच्या कामात सगळ्यात शेवटी येतो. आधी येतो मशीनचा सर्वात कमी वेग, मग स्ट्रोक आणि उंची, आणि या सगळ्यांच्या वर क्विलची ढिलाई, जी कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

वेगापासून सुरुवात करू. बिटचा व्यास वाढला की त्याच आरपीएमला कडेचा वेग त्याच पटीत वाढतो. ५८० आरपीएमला १० मिमीच्या बिटची कड मिनिटाला सुमारे १८ मीटर पळते, ३५ मिमीच्या फोर्स्नर बिटची (सपाट तळाचं रुंद भोक पाडणारं बिट) जवळपास ६४ मीटर आणि ५० मिमीच्या बिटची ९१ मीटर. फोर्स्नर बिटची कड भोकाच्या भिंतीला सतत घासत असते. वेग जास्त असेल तर ती कापण्याऐवजी जाळायला लागते: आधी वास, मग धूर, मग भोकाची भिंत काळी. बिट साध्या कार्बन स्टीलचं असेल तर कड निळी पडते. एकदा निळी पडली की तिचं पाणी उतरलं समजा. नंतर कितीही धार लावली तरी ती टिकत नाही. ३५ मिमीच्या फोर्स्नरला मऊ लाकडात ५०० आरपीएमच्या आसपास आणि कठीण लाकडात २५० ते ३०० बरे. गाड्यांची चाकं होल सॉनं, म्हणजे वाटीच्या कडेला दात असलेल्या गोल करवतीनं, कापणार असाल तर ५० मिमीच्या पुढच्या सॉला २५० ते ३५०. पहिल्या मशीनची सुरुवातच ५८० ला होते. म्हणजे मऊ लाकडात बिजागरीची भोकं कशीबशी निघतील, कठीण लाकडात जळतील आणि होल सॉ तर किंचाळतच राहील. दुसऱ्या मशीनचे २२० तुम्हाला खरोखर लागणार आहेत. वरच्या टोकाच्या २४५० चा उपयोग ५-६ मिमीच्या आतल्या बिटांपुरता. तिथे २००० असते तरी काही बिघडलं नसतं. बारा वेग आहेत की सोळा, याला फारसा अर्थ नाही. लाकूडकामात माणूस तीन-चार वेगांवरच राहतो.

कमी वेग मिळतो कुठून हेही बघा. पाच वेगांच्या मशीनमध्ये मोटरची पुली आणि स्पिंडलची (चक फिरवणाऱ्या दांड्याची) पुली एका पट्ट्यानं जोडलेली असते. बारा वेगांच्या मशीनमध्ये मध्ये तिसरी पुली आणि दोन पट्टे असतात, म्हणून वेग दोन टप्प्यांत उतरतो आणि उतरताना जोर वाढतो. ५५० वॉटची मोटर १४०० आरपीएमला जेमतेम पावणेचार न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) देते. पट्ट्यांनी वेग २५० वर आणला की घर्षणातला तोटा सोडला तर तोच पीळ साधारण २१ न्यूटन-मीटर होतो. नॉबवाल्या मशीनचा घोळ इथेच आहे. आत गिअर किंवा पुलीचे टप्पे नसतील आणि वेग फक्त इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं उतरवला असेल, तर वेग कमी होताना हातात मिळणारी ताकदही कमी होते. ४०० आरपीएमला ३५ मिमीचं बिट कठीण लाकडात घातलं की मशीन गुरगुरतं, अडकतं आणि मोटर तापते. म्हणजे ७५० वॉट पाटीवर खरे, पण ते वरच्या वेगाला. ज्यात यांत्रिक टप्पे आहेत आणि त्यांच्या आत नॉब आहे, किंवा कमी वेगाला पीळ धरून ठेवणारी चांगली ब्रशलेस मोटर आहे, अशा मशीनना हा आक्षेप लागू नाही. तुमचं तिसरं मशीन त्यातलं आहे का, ते विक्रेत्याला एकाच प्रश्नात विचारता येईल: सर्वात कमी वेगाला चालवून दाखवा आणि ३५ मिमीचं भोक पाडून दाखवा.

वॉटबद्दल आणखी एक. मोटरच्या पाटीवर एस१ लिहिलं असेल तर ती तेवढ्या ताकदीवर सतत चालू शकते. एस२ आणि पुढे मिनिटं लिहिली असतील तर ती ताकद तेवढ्याच वेळापुरती. एस२ १० मिनिटं लिहिलेले ७५० वॉट आणि एस१ लिहिलेले ५५० वॉट यांत लाकडाच्या बाजूनं पाहिलं तर दुसरी मोटर भारी.

आता स्ट्रोक आणि उंची. तुमच्या स्टुलाचंच गणित करू. बैठक ४० मिमी जाड, पाय १२ अंशांनी बाहेर झुकलेले. भोक आरपार पाडायचं तर तिरक्या वाटेनं ४१ मिमी लाकूड, वर बिटचं टोक, शिवाय काम टेबलावर सरकवून आत-बाहेर करायला १० मिमी मोकळी जागा. ५० मिमीचा स्ट्रोक इथे संपतोच. ८० मिमीत हे आरामात बसतं. स्ट्रोकपेक्षा खोल भोक लागलं तर बिट भोकातच ठेवायचं, मशीन बंद करायचं, क्विल वर जाऊ द्यायची आणि काम तसंच बिटवर धरून टेबल वर आणायचं. बिट भोकातून पूर्ण बाहेर काढून टेबल वर घेतलं तर ते गोल खांबाभोवती केसभर तरी फिरतं आणि मध्य हरवतो.

उंचीचा हिशोब लोक करतच नाहीत. लोखंडी टेबलावर १८ मिमीचं लाकडी टेबल येणार, त्यावर १२ मिमीची टाकाऊ फळी, त्यावर १२ अंशांची पाचर, जी ३०० मिमी लांबीला ६४ मिमी उंच होते, मग ४० मिमीची बैठक, आणि चकच्या खाली ७५ मिमी लोंबणारं बिट. बेरीज २०९ मिमी, मोकळ्या जागेसह २२०. पहिलं मशीन २०० ला थांबतं. पाचरीच्या उतरत्या बाजूला भोक येत असेल तर थोडी उंची वाचते, पण ते नशिबावर सोडायचं कशाला.

थ्रोटबद्दल आमचं मत नेहमीच्या सल्ल्यापेक्षा थोडं वेगळं आहे. जास्त थ्रोट चांगलाच, पण तुमच्या कामात त्यानं निर्णय व्हायला नको. कप बिजागरीच्या भोकाचा मध्य दाराच्या कडेपासून २२ मिमीच्या आसपास असतो. फळीच्या टेकणांसाठीची ५ मिमीची भोकं कडेपासून ३७ मिमीवर येतात. स्टुलाच्या पायाची भोकं बैठकीच्या कडेजवळच. ही सगळी १०४ मिमीतही बसली असती. थ्रोट लागतो रुंद फळीच्या मधोमध भोक पाडायला: १०४ मिमीचं मशीन २०८ मिमी रुंद फळीच्या मध्यापर्यंत पोहोचतं, १६० चं ३२० पर्यंत. काही उत्पादक या दुप्पट आकड्यालाच मशीनचं माप म्हणतात, तेव्हा दोन मशीनांची तुलना करताना दोन्हीकडे एकच माप धरताय ना, ते पाहा. थ्रोट हवा म्हणून डोकं पुढे-मागे सरकणारं रेडियल मशीन घेऊ नका. त्यात हलणारे सांधे जास्त, आणि प्रत्येक सांधा थोडा वाकतो.

जमिनीवरचं मशीन हवं का, याचं उत्तरही कामातच आहे. लांब नगाच्या टोकात उभं भोक पाडायचं नसेल तर ती उंची फुकट जाते. चार-सहा महिन्यांतून एकदा लागलं तर बाकावरच्या मशीनचं टेबल बाजूला फिरवून काम थेट पायथ्यावर उभं करता येतं.

आता दुकानात करायच्या तपासण्या. गुण्या, ३-४ मिमी जाडीची ताठ तार आणि जमल्यास चुंबकी स्टँडवरचा डायल गेज (काट्यानं सूक्ष्म हालचाल दाखवणारं मापक) एवढं बरोबर न्या. डायल गेज उसना मिळाला तरी चालेल.

पहिली तपासणी क्विलची. प्लग काढलेला असू द्या. हँडल फिरवून क्विल पूर्ण खाली आणा, चक मुठीत धरा आणि पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवा. टकटक जाणवली तर तो नग बाजूला ठेवा. डायल गेज चकला टेकवून मोजलं तर हाताच्या जोरावर ०.२ मिमीच्या आतली हालचाल लाकडाला चालते. काटा अर्ध्या मिलिमीटरवर गेला तर त्या मशीनवर बिट भोकात शिरताना भटकणार, आणि ते पुढे कशानंही दुरुस्त होत नाही. क्विल ज्या नळीत सरकते तिचं भोकच मोठं कापलेलं असतं. काही मशीनना डोक्याच्या बाजूला क्विलवर दाब देणारा स्क्रू असतो. त्यानं थोडी ढिलाई घेता येते, पण तो जास्त आवळला की क्विल स्वतःहून वर येईनाशी होते. एकाच मॉडेलच्या दोन नगांत या बाबतीत बराच फरक पडतो, म्हणून खोक्यातला बंद नग उचलून आणण्यापेक्षा उघडून लावलेल्या नगाला हात लावा आणि तोच मागा.

दुसरी रनआउटची, म्हणजे फिरताना चक मध्यापासून किती डगमगतो त्याची. चकमध्ये सरळ, घासलेली १० मिमीची पोलादी पिन धरा. नसेल तर चांगल्या राउटर बिटचा दांडाही चालतो. चकच्या २५ मिमी खाली डायल गेज टेकवा आणि पुली हातानं एक पूर्ण फेरा फिरवा. ०.१ मिमीपर्यंत ठीक. त्याहून जास्त दिसलं तर पिन चकमध्ये अर्धा फेरा वळवून पुन्हा धरा. उंच जागा पिनबरोबर सरकली तर पिन वाकडी आहे. ती चकच्याच एका जागी राहिली तर दोष चकचा किंवा स्पिंडलचा. कोणाचा, ते चक काढून थेट टेपरवर, म्हणजे चक ज्यावर बसतो त्या स्पिंडलच्या निमुळत्या भागावर, मोजलं की कळतं. चकचा दोष असेल तर घाबरू नका, चक बदलता येतो आणि स्वस्त मशीनला पहिली सुधारणा तीच करतात. टेपरच फेऱ्या मारत असेल तर मशीन परत.

याच वेळी टेपर कोणता तेही विचारून घ्या. लहान मशीनचा स्पिंडल थेट बी१६ टेपरमध्ये संपतो आणि चक त्यावर ठोकून बसवलेला असतो. मोठ्या मशीनमध्ये आत मोर्स टेपर २ असतो, क्विलच्या बाजूच्या खाचेतून पाचर घालून चक आर्बरसकट (चकच्या मागच्या निमुळत्या दांड्यासकट) निघतो. दुसरी व्यवस्था बरी. १६ मिमीच्या चकची एक अडचण मात्र आधीच माहीत असू द्या: बरेचसे चक ३ मिमीच्या खालचं बिट पकडत नाहीत. २ मिमीची पायलट भोकं (स्क्रूआधी पाडायची बारीक भोकं) लागत असतील तर षटकोनी दांड्याची बारीक बिटं घ्या, किंवा ती भोकं हातातल्या ड्रिलवरच राहू द्या.

तिसरी टेबलाची. तार झेडच्या आकारात वाकवून एक टोक चकमध्ये धरा, दुसरं टोक मध्यापासून १०० मिमीवर टेबलाला जेमतेम टेकेल असं ठेवा आणि चक हातानं फिरवा. चारी दिशांना टोक सारखं टेकलं पाहिजे. डाव्या-उजव्या बाजूचा फरक काढता येतो, कारण टेबल त्याच दिशेत झुकतं. खालचा बोल्ट सैल करून नीट करा. पुढच्या-मागच्या फरकाला मशीनमध्ये कुठलीच सोय नसते. तो थोडा असेल तर वर लावायच्या लाकडी टेबलाखाली पत्र्याच्या चकत्या घालून निघतो. २०० मिमीत अर्धा मिलिमीटर फरक असेल तर १०० मिमी खोल भोक पाव मिलिमीटर वाकडं जाईल, लाकडात ते खपतं. मिलिमीटरच्या पुढे गेलं तर नको. तार तशीच ठेवून टेबलाची पुढची कड हातानं दाबा. टेबल खाली जाऊन परत वर येत असेल तर खांब बारीक आहे किंवा टेबलाची पकड कमजोर आहे. मोठ्या बिटवर जोर देताना नेमकं हेच होतं आणि भोक तिरकं पडतं.

खोलीचा स्टॉप बघा. उभ्या आटेदार सळईवर दोन नट असलेला स्टॉप सर्वात भरवशाचा. हँडलच्या बुडाशी फिरणारी आकड्यांची चकती स्क्रूनं आवळायची असते तो प्रकार दाबानं सरकतो. कप बिजागरीचं भोक साधारण १२ मिमी खोल, फळी १८ मिमीची, आणि फोर्स्नरचं मधलं टोक कडेपेक्षा २-३ मिमी पुढे असतं. म्हणजे खाली तीन-चार मिलिमीटरच उरतात. स्टॉप सरकला की टोक दाराच्या दर्शनी बाजूला डोकावतं. त्यामुळे स्टॉप लावून हँडल दहा-बारा वेळा जोरात खाली आणा आणि दर वेळी क्विल तिथेच थांबते का ते मोजा. आटेदार सळई आणि नीट कापलेला लाकडी ठोकळा असला की डिजिटल पट्टीची गरज पडत नाही.

शेवटी मशीन चालू करा. सर्वात जास्त वेगावर कंप फार असेल तर आधी पट्ट्याकडे बघा. खोक्यात महिनोन्महिने ताणून ठेवलेला पट्टा वाकडा बसतो आणि धडधडतो. काही तास चालल्यावर तो बराच शांत होतो, नाहीतर बदलता येतो. बेअरिंगमधून खरखर येत असेल तर तो वेगळा मामला. मशीन चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा चालू करा. मशीन आपोआप फिरायला लागलं तर त्याला नो-व्होल्ट स्विच नाही. वीज गेली, तुम्ही बिट बदलायला हात घातला आणि वीज आली, हा प्रसंग टाळण्यासाठीच तो स्विच असतो. नसेल तर पहिल्याच दिवशी बसवून घ्या.

चौथ्या, जुन्या मशीनचा विचार एका अटीवर करा: क्विल आणि टेपर वरच्या तपासण्यांत उतरले पाहिजेत. जुनं जाड ओतीव लोखंड नव्या हलक्या मशीनपेक्षा स्थिर असतं, यात वाद नाही. टेबलावर चुकून पाडलेली भोकं दिसतील, त्यांनी काही बिघडत नाही. टेबलाच्या कंसाला किंवा डोक्याला तडा असेल तर सोडा. बेअरिंग आणि पट्टे सहज बदलतात, हरवलेली पुली किंवा मोडका रॅक (दातेरी पट्टी) शोधत बसावं लागतं. थ्री-फेज मोटरच्या पाटीवर दोन व्होल्टेज दिले असतील आणि त्यातलं लहान तुमच्या घरच्या पुरवठ्याइतकं असेल, तर मोटर डेल्टा (त्रिकोणी) जोडणीत जोडून सिंगल-फेजवर चालणाऱ्या व्हीएफडीवर (सिंगल-फेजची थ्री-फेज करून देणारं उपकरण) चालवता येते. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये जुना स्विच ठेवायचा नाही, चालू-बंद व्हीएफडीवरूनच करायचं. पाटीवर एकच मोठं व्होल्टेज असेल तर अर्धा ते पाऊण हॉर्सपॉवरची, चार पोलची सिंगल-फेज मोटर बसवा, पण तिच्या दांड्याचा व्यास जुन्या पुलीच्या भोकाशी जुळतो का ते आधी मोजा. आणि ते शंभर किलोच्या पुढचं धूड खोलीच्या दारातून कसं आत नेणार, हे ठरवल्याशिवाय सौदा करू नका. डोकं, टेबल, खांब आणि पायथा सुटे करून नेणं हाच शहाणपणाचा मार्ग. उतरवताना डोकं आधी, कारण सगळं वजन वरच आहे.

ड्रिल स्टँडचा प्रश्न लवकर मिटतो. स्टँडच्या सळयांची ढिलाई आणि ड्रिलच्या स्वतःच्या स्पिंडलची ढिलाई यांची बेरीज होते, थ्रोट तोकडा असतो, आणि हातातल्या ड्रिलला हवा तो कमी वेग धरून ठेवणं कठीण जातं. ६ मिमीच्या डॉवेलच्या (लाकडी खुंटीच्या) भोकांना तो चालेल. ३५ मिमीला नाही.

मशीन घरी आल्यावर पहिलं काम ते बाकाला बोल्टनं आवळणं. डोकं पुढे झुकलेलं आणि जड असल्यानं सुटं मशीन धक्क्यानं पुढे कलंडतं. बाकाची उंची अशी ठेवा की टेबल कोपराच्या पातळीच्या आसपास येईल. खांबावरचं आणि टेबलावरचं गंजरोधक तेल रॉकेलनं पुसून काढा आणि मेणाचा पातळ हात द्या. चक बसवताना टेपर आणि चकचं भोक दोन्ही स्पिरिटनं पुसा, बोटाचा तेलकट ठसाही राहू देऊ नका. चकचे जबडे पूर्ण आत घ्या आणि मग लाकडी हातोड्यानं खालून एक-दोन ठोके द्या. चक मधूनच गळून पडण्याच्या बहुतेक तक्रारी तेलकट टेपरमुळे असतात. चक गळण्याचं दुसरं कारण आडवा जोर. सँडिंग ड्रम हलक्या हातानं चालतो, राउटरची बिटं किंवा मिलिंग कटर या चकमध्ये कधीच लावायचे नाहीत.

बरोबर आलेलं लोखंडी टेबल धातूकामाच्या मापाचं असतं. त्यावर १८ मिमी प्लायचं, साधारण ६०० बाय ३५० मिमीचं टेबल बोल्टनं बसवा. मध्ये ८० मिमी चौकोनाची खाच ठेवून त्यात एमडीएफचा बदलता येणारा तुकडा घाला. बिट ज्या जागी खाली बाहेर पडतं तिथला तुकडा चाळण झाला की आधार जातो आणि भोकाच्या तळाशी लाकूड उपटतं. तो तुकडा फिरवा किंवा बदला. फेन्स, म्हणजे काम टेकवायची कड, म्हणून सरळ रंधलेली ५०-६० मिमी उंच पट्टी दोन क्लॅम्पनी धरली तरी पुरे, फक्त तिच्या खालच्या कडेला ३ मिमीची खाच मारा म्हणजे भुसा त्यात जाईल आणि काम फेन्सला नीट टेकेल. प्लायचं टेबल एवढं मोठं करू नका की टेबल वर-खाली करायचा दांडा त्याखाली अडकेल.

तिरक्या भोकांसाठी लोखंडी टेबल झुकवू नका. एकदा झुकवलं की ते पुन्हा काटकोनात आणायला वर सांगितलेली तार काढावी लागते, आणि ते झुकतं फक्त एकाच दिशेत. १२ अंशांची पाचर एकदाच नीट बनवा आणि बैठकीवरची पायाची रेघ पाचरीच्या उताराशी जुळवून क्लॅम्प करा. इथे एक बारीक गोष्ट: २५ मिमीच्या बिटची उंचाकडची कड १२ अंशांच्या उतारावर मध्यबिंदूपेक्षा २.७ मिमी आधी लाकडाला भिडते. बिटचं मधलं टोक त्याहून लांब नसेल तर कड आधी लागते आणि बिट उताराकडे घसरतं. टोक लांब असलेलं फोर्स्नर घ्या, सुरुवातीचे ४-५ मिमी अगदी हळू उतरवा. सगळी कड लाकडात गेली की नेहमीसारखं चालवा, पण दर ५-६ मिमीला वर घेऊन भुसा झटका. भोकात दाबून बसलेला भुसा बिटला तितकाच तापवतो जितका जास्त वेग.

टेकणांच्या भोकांची रांग मात्र पिलर ड्रिलवर पाडायचा अट्टहास करू नका. दीड-दोन मीटरची फळी त्या छोट्या टेबलावर तोलून धरण्यापेक्षा ३२ मिमी अंतराची पट्टी फळीला क्लॅम्प करून हातातल्या ड्रिलनं ती जास्त अचूक येतात.

वेग बदलताना प्लग काढूनच झाकण उघडा. पट्टा बोटानं मधोमध दाबला की १०-१२ मिमी आत जाईल एवढाच ताण ठेवा. जास्त ताण बेअरिंग खातो, कमी ताणानं मोठं बिट अडकल्यावर पट्टा घसरतो. पट्टा थोडा घसरणं हे वाईटच असं नाही, कारण तो घसरला नाही तर काम फिरतं.

काम फिरण्याची दिशा डोक्यात पक्की बसवा. वरून पाहिलं तर स्पिंडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो, म्हणून बिट अडकलं की लांब फळीचं डावं टोक मागे, खांबाकडे जातं. फळीचा लांब भाग नेहमी डावीकडे ठेवा आणि तो खांबाच्या डाव्या बाजूला टेकवा. मग अडकलेली फळी खांबावर थांबते, तुमच्या पोटात येत नाही. लहान नग, होल सॉ आणि २५ मिमीच्या वरचं फोर्स्नर यांना क्लॅम्प हवाच. हातमोजे मुळीच नकोत, फिरतं बिट बोटासकट मोजा ओढून घेतं. चकची चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही, अगदी क्षणभरसुद्धा.

गाड्यांची चाकं कापताना होल सॉ अर्ध्या जाडीपर्यंत उतरवा, फळी उलटवा, सॉच्या मधल्या पायलट बिटनं पाडलेल्या भोकात तेच बिट बसवून दुसऱ्या बाजूनं पूर्ण करा. कडा दोन्हीकडे स्वच्छ राहतात आणि चाक सॉच्या आत रुतून बसत नाही. आसाचं भोक मोठं करायचं असेल तर सुटं चाक बोटांत धरू नका. फळीच्या तुकड्यात त्याच होल सॉनं पाडलेलं भोक चाकापेक्षा थोडं मोठंच असतं. तो तुकडा एका बाजूनं चिरा, चाक आत ठेवा आणि चीर क्लॅम्पनं आवळा.

लेझरबद्दल एवढंच की त्याची रेघ अर्धा-एक मिलिमीटर जाड असते आणि टेबलाची उंची बदलली की बऱ्याच मशीनवर फुली सरकते. पेन्सिलीनं फुली मारा, तिच्या मध्यावर आरीनं (टोच्यानं) खळगा करा आणि ब्रॅड पॉइंट (मध्ये अणकुचीदार टोक असलेल्या) बिटचं टोक त्यात उतरवा. सुरुवातीला ३ ते १० मिमीचा ब्रॅड पॉइंट संच, १५, २५ आणि ३५ मिमीची तीन फोर्स्नर, आणि टेबलावर काम दाबून धरणारे दोन क्लॅम्प. लेझर आणि डिजिटल पट्टीवर जाणारे पैसे वाचले तर आधी ३५ मिमीचं बिट चांगल्या प्रतीचं घ्या. बिजागऱ्यांसाठी तेच सर्वात जास्त चालणार आहे.